भरलेली बाटली

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी सहा-साडेसहाला फिरायला येणाऱ्या मंडळींत एक आजोबा आहेत, ते फिरत नाहीत. शहापूरचे. सगळं आयुष्य मागावर गेलेलं, सत्तरी ओलांडलेली. मुलगा स्कूटरवरून आणून सोडतो. ते कडेच्या कट्ट्यावर बसतात आणि शेजारी लिटरभर पाण्याची बाटली उभी करून ठेवतात. तासाभरानं मुलगा न्यायला येतो. बाटली आली तशीच, गळ्यापर्यंत भरलेली, परत जाते. एकदा जुन्या जोडीदारांपैकी कुणीतरी फेरी मारता मारता थांबून विचारलं, "मामा, रोज पाणी आणताय, पिताय कधी?" बाटलीच्या टोपणावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "पाणी पिलं की फिरायला होत नाही. फिरायचं म्हटलं की पाणी पिता येत नाही. मग दोन्ही सोडलंय की." विचारणारा हसला, पुढच्या फेरीला लागला.

ते वाक्य मात्र कट्ट्यावरच बसून राहिलं.

त्यामागची हकिकत चार ओळींची आहे. गेल्या एप्रिलात त्यांना मुतखड्याची कळ आली. डाव्या मूत्रनलिकेत ८ मिलिमीटरचा खडा अडकला होता. दुर्बीण घालून लेझरनं फोडला, आत मऊ नळीचा स्टेंट ठेवला, तीन आठवड्यांनी काढला. नंतरची सोनोग्राफी स्वच्छ. कागदोपत्री माणूस बरा झाला. पण रोज चार फेऱ्या मारणारा, वाटेत भेटेल त्याला हाक मारून थांबवणारा हा माणूस त्यानंतर जो बसला तो बसलाच. घरच्यांना वाटतं वय झालं. डॉक्टरांना वाटतं खडा निघाला. दोघांचंही खरं आहे, आणि तरी मधलं काहीतरी कुणाच्याच हाती लागलेलं नाही. खडा केवढा होता, कुठं होता, कसा काढला, हे सगळं फायलीत असतं. साठी-सत्तरीतल्या माणसाचं खड्याबरोबर आणखी काय काय निघून गेलं, याला फायलीत रकाना नसतो.

कळ कशी असते हे आधी नीट बघायला हवं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. खडा तीन जागी अडतो: मूत्रपिंडाच्या नरसाळ्याला नळी जोडली जाते तिथं, कमरेच्या हाडाजवळ ती मोठ्या रक्तवाहिन्यांवरून उतरते तिथं, आणि मूत्राशयात शिरते त्या तोंडाशी. खाली वाट बंद झाली की वर लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, नळी खड्याला ढकलायला पिळवटते. बरगडीखालून उठलेली कळ पोटाच्या कडेनं जांघेत उतरते. पोटात पू झालेला रोगी हलत नाही, हललं की दुखतं म्हणून गप्प पडून राहतो. खड्याच्या रोग्याला मात्र कुठल्याच कुशीवर ठाव मिळत नाही. तो उठतो, बसतो, भिंतीला कपाळ टेकतो, अंगणात येरझाऱ्या घालतो. पडवीतून मध्यरात्री येणाऱ्या पावलांच्या आवाजावरूनच जुनी जाणती माणसं ओळखायची की ही खड्याची कळ. म्हणजे खडा माणसाला चालवतो. चालणं थांबतं ते नंतर, सगळं निवल्यावर.

म्हाताऱ्या माणसात हे चित्र पुसट असतं, आणि धोका तिथंच असतो. कळ जोरात येतच नाही. नुसती मळमळ, जेवण नको, थोडा गोंधळलेपणा, ओळखीचं नाव न आठवणं, एवढंच दिसतं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच कमरेत अशी कळ आली तर "खडाच असेल" म्हणून घरी थांबू नये. पोटातली महारोहिणी, म्हणजे सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुगून फुटायच्या बेतात असली तरी दुखणं हुबेहूब असंच असतं, आणि तिथं तासांचा हिशोब असतो. दुसरी खूण तापाची. खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत असं समजायचं आणि उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तिथं खडा काढायची घाई नसते. स्टेंट घालून किंवा पाठीतून बारीक नळी टाकून तुंबलेलं आधी मोकळं करतात, खड्याचं नंतर बघतात. लघवी अजिबात बंद होणं, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्याला कळ येणं, हेही त्याच घाईचं.

एरवी घाई नसते. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ताप नाही, दुखणं गोळीनं आवरतंय, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक आहे, तर चार ते सहा आठवडे वाट बघता येते. या काळात लघवी रोज एका भांड्यात, वर चहाची जुनी बारीक गाळणी धरून करायची. सापडलेला खडा कागदात बांधून तपासायला द्यायचा, कारण तो कशाचा होता हे कळलं तरच पुढचं पथ्य ठरतं. आपल्याकडे हा खडा कौतुकानं शेजाऱ्यांना दाखवतात आणि फेकून देतात. दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारखं औषध सर्वांत चांगलं लागू पडतं, पण वृद्धाला आधीच मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर तेच औषध मूत्रपिंडाला बाधतं. दुकानातून मागून घेण्याची ही गोळी नव्हे. आणि एक गोष्ट घरोघरी उलटी होते: कळ चालू असताना माणसाला तांब्यावर तांब्या पाणी पाजतात. वाट बंद असताना वरून पाणी ओतून खडा वाहून जात नाही, उलट्या मात्र वाढतात. पाण्याचं काम कळ थांबल्यानंतर सुरू होतं, आणि ते उरलेल्या सगळ्या वर्षांचं असतं.

काकवीची बाटली महिनोन्महिने फडताळात राहिली की तळाशी साखरेचे खडे धरतात. या ऊसपट्ट्यातल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. लघवीतही तेच घडतं. कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल ही द्रव्यं सगळ्यांच्याच लघवीत असतात. पाणी भरपूर असेपर्यंत ती विरघळून वाहतात. पाणी कमी पडलं की दाट होऊन कण धरतात, कणावर कण बसतो. दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, हा त्यातला नेमका आकडा. त्यासाठी पोटात साधारण अडीच ते तीन लिटर पातळ जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. इटलीतल्या डॉक्टरांनी पहिला खडा होऊन गेलेल्या लोकांचे दोन गट करून पाच वर्षं बघितलं, आणि ते १९९६ साली छापलं. नुसतं पाणी वाढवलेल्या गटात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न वाढवलेल्या गटात २७ टक्क्यांना. इतकं स्वस्त औषध दुसरं नाही. आपण किती पितो याचा अंदाज नेहमी चुकतो, म्हणून महिन्यातून एक दिवस लघवी मोजावी. दोन लिटरची रिकामी बाटली न्हाणीत ठेवायची, सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी त्यात. बाटली भरून थोडी वर गेली तर बरोबर. निम्म्यावरच थांबली तर उत्तर समोर उभं आहे.

पण सत्तरीतल्या माणसाला पाणी प्या म्हणून सांगणं आणि त्यानं ते पिणं, यात मोठं अंतर आहे. ओपीडीत डॉक्टर कानडीत "नीर कुडीरी, चलो नीर कुडीरी", म्हणजे पाणी प्या, चांगलं पाणी प्या, म्हणतात, आजोबा मान हलवतात, सून ऐकते, आणि घरी गेल्यावर तांब्या भरलेलाच राहतो. यात हट्ट कमी असतो. वयाबरोबर तहानच मंदावते. शरीराला पाणी कमी पडलेलं असतं आणि जिभेला त्याचा पत्ता नसतो. मागावर काम केलेल्यांची सवय तर पन्नास वर्षांची आहे. खडखडाटात, तंतूंच्या धुरळ्यात माग सोडून उठायचं म्हणजे कापड कमी, म्हणून पाणीच कमी. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, निपाणीकडे तंबाखूच्या कामाला गेलेल्यांचंही तेच. बायकांचं त्याहून अवघड. २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला पैसे पडत नाहीत, त्यामुळे खानापूरची, चिकोडीची आजी आता लेकीकडे, देवाला, दवाखान्याला एकटी जाते, हे फार चांगलं झालं. पण बसमध्ये बसायच्या दिवशी ती सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं, तिथलं न्हाणीघर कसं असेल, हे सगळं मनात असतं. पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असते. लागली की थांबता येत नाही आणि गेलं की नीट होत नाही. चारचौघांत धोतर ओलं होण्याची भीती कळेपेक्षा मोठी असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. "पाणी पिलं की फिरायला होत नाही" याचा अर्थ एवढाच होता.

आणि अशी माणसं पुढं "करमत नाही" म्हणतात, त्याचा?

आपल्या भाषेत हा शब्द फार नेमका आहे, आणि म्हणूनच तो कानावरून घसरतो. म्हातारं माणूस "मी उदास आहे" असं म्हणत नाही. ते म्हणतं, जेवण जात नाही. पाय ओढत नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. भजनाला जावंसं वाटत नाही, पेपर उघडून तसाच पडतो. कंबर दुखते म्हणतं, आणि कमरेच्या फोटोत काही नसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, आवडीच्या गोष्टीतली गोडी गेलेली असेल तर ते वय नव्हे, तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहे. मोठ्या दुखण्यानंतर हा आजार हळूच घरात येतो. शरीरावरचा विश्वास उडालेला असतो. आतून कधी काय उसळेल सांगता येत नाही अशी धास्ती बसते, मग घराबाहेर पडणं कमी, माणसं भेटणं कमी, अंगातली ताकद कमी, आणि ताकद नाही म्हणून बाहेर पडणं आणखी कमी. "मन बरं झालं की फिरायला जाईन" असं माणूस म्हणतो, पण घडतं बहुधा उलट्या बाजूनं. पाय आधी निघावे लागतात, मन मागून येतं. १९९९ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. पन्नाशीच्या पुढचे, निदान झालेल्या नैराश्याचे १५६ रोगी. काहींना सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालायला किंवा धावायला लावलं, काहींना सर्ट्रालिनची गोळी दिली, काहींना दोन्ही. गोळीनं आराम लवकर पडायला लागला, पण सोळाव्या आठवड्याला तिन्ही गट सारख्याच पातळीवर आले होते. याचा अर्थ गोळी बंद करा असा मुळीच नाही. चालू औषध मनानं सोडल्यानं माणसं खचतात. जीव नकोसा झाल्याचं कुणी एकदा जरी बोललं तरी ते वयाचं बोलणं समजून सोडून देऊ नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

आता त्या कट्ट्याकडे परत. माणूस नेमका कधी बसला हे विचारलं तर बहुधा एकच उत्तर निघतं: स्टेंट आत होता त्या दिवसांत. स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी, एक वेटोळं मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. नळी सुजून बंद होऊ नये म्हणून ती ठेवतात. पण खालचं वेटोळं मूत्राशयाच्या तळाला टोचत राहतं. सारखी लागल्यासारखं वाटतं, लघवी करताना कमरेत कळ वर चढते, आणि चाललं, जिना चढला, रिक्षानं खड्ड्यातून गेलं की नळी आत घासून लघवी गुलाबी, कधी लालसर होते. हे होणारच असतं आणि बहुतेक वेळा त्यात धोका नसतो. थोडं बसायचं, दोन ग्लास पाणी प्यायचं, पुढच्या दोन-तीन वेळांत रंग फिका होतो. रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला तरच धावायचं. पण हे घरी जाताना कुणी सांगितलेलं नसेल तर सत्तर वर्षांचा माणूस फिरून आल्यावर लाल लघवी बघतो आणि मनाशी एक गाठ मारतो: चाललं की आतून रक्त येतं. पुढं स्टेंट निघतो, ती गाठ सुटत नाही. ती मारली गेल्याचं कुणाला माहीतच नसतं, मग सोडणार कोण? डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटं बसून एवढं एक वाक्य सांगितलं, तर पुढची कितीतरी वर्षं वाचतील असं राहून राहून वाटतं.

दुसरं टोकही आहे. स्टेंटचा त्रास न झालेला माणूस तो विसरून जातो. तीन महिन्यांच्या पुढं त्याच्यावरच खडे धरायला लागतात, आणि दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. काढायची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनं लिहावी, तरण्या माणसाच्या मोबाइलवरही लावून ठेवावी.

इतर उपचारांनंतर चालणं कधी सुरू करायचं, याचंही उत्तर लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा लवकरचं आहे. बाहेरून धक्क्यांच्या लहरींनी खडा फोडला असेल तर दुसऱ्या दिवसापासून चालावंच, चुरा खाली सरकायला मदत होते. एक-दोन दिवस लघवी लालसर राहते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना हा उपचार करत नाहीत, म्हणून त्या गोळ्यांचं आधी सांगायचं. खडा दोन सेंटीमीटरहून मोठा असेल तर पाठीला सेंटीमीटरभर छेद घेऊन काढतात. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालवतात, फक्त घागर, पोतं, नातू असं काही उचलायचं नाही, तीन-चार आठवडे. खडा उतरावा म्हणून देतात ती टॅमसुलोसिनची गोळी प्रोस्टेटलाही देतात. तिनं उठल्यावर रक्तदाब एकदम खाली येतो. म्हणून ती रात्री घ्यायची, आणि लघवीला उठताना आधी कॉटच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं, दिवा लावून जायचं. खुब्याचं हाड मोडलेल्यांच्या गोष्टी रात्री दोन वाजता न्हाणीच्या वाटेवर सुरू होतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं. बुबुळ ढिलं पडतं, त्यांना तयारीत राहावं लागतं.

बसून राहण्याचा खड्याशीही थेट संबंध आहे. हाडांवर अंगाचा भार पडला नाही की हाडातला कॅल्शियम सुटतो आणि लघवीतून जायला लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसात खडे का वाढतात याचं हे एक कारण. अमेरिकेतल्या ८४ हजारांहून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, आठवड्याला सुमारे तीन तास मध्यम चालीनं चालण्याएवढी हालचाल असणाऱ्यांत खडे सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या पाहणीत मात्र तसा फरक निघाला नाही, म्हणून चाललं की खडा होत नाही असं छातीठोक सांगता येत नाही. मनासाठी, हाडांसाठी, झोपेसाठी चालावं. घाम येतो तेवढं पाणी मात्र वाढवावं, नाहीतर चालण्यानंच लघवी दाट होईल.

एक आजार असा आहे की ज्यात खडा आणि खचलेलं मन ही एकाच मुळाची दोन फळं असतात. गळ्यात थायरॉइडच्या मागं तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतली एखादी वाढली की हाडातला कॅल्शियम रक्तात ओतत राहते. मग मुतखडे, हाडांचं दुखणं, बद्धकोष्ठ, थकवा, आणि कशातच मन न लागणं, हे सगळं एका घरात राहायला येतं. साठीच्या पुढच्या बाईला खडा झाला आणि तिला करमतही नाहीसं झालं, तर रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासायलाच हवं. साधी तपासणी आहे. कॅल्शियम जास्त निघालं तर पुढची हार्मोनची. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती वर्षानुवर्षं चालू ठेवणारी किंवा चार महिन्यांत चार इंजेक्शनं घेणारी माणसं भेटतात, त्यांचंही कॅल्शियम असंच चढतं. उलट बाजूनं, पाण्याचाही अतिरेक नको. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी किंवा नैराश्याची गोळी चालू असलेल्या वृद्धानं भराभर चार-पाच लिटर पाणी प्यायला सुरुवात केली तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि माणूस सुस्त, भ्रमिष्टासारखा होतो. घरच्यांना वाटतं मन बिघडलं. हृदय दुबळं असेल, पायांवर सूज असेल, मूत्रपिंड आधीच कमी काम करत असेल, तर पाण्याचं माप डॉक्टरांनीच ठरवून द्यायचं.

खाण्यापिण्याबद्दल इथं जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशात नसतील. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडतात, ही सर्वांत महागात पडणारी चूक. जेवणातला कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. तो नसला की ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत येतं. त्यामुळे जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा ताक हवंच. शेंगदाण्याच्या चटणीत ऑक्झलेट असतं, पण इकडे ती चटणी दह्यात कालवून भाकरीला लावतात, यात पिढ्यांचं शहाणपण आहे. चमचा-दोन चमचे खायला हरकत नाही. पालकाची भाजी मात्र ऑक्झलेटचा खडा निघालेल्यानं टाळलेली बरी. टोमॅटोच्या बियांनी खडा होत नाही. बोअरच्या जड पाण्याला दोष देत पाणीच कमी पिणाऱ्याचं नुकसान जास्त होतं. खरा शत्रू मीठ. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम वाढतो, आणि रंजका, लोणचं, पापड, सांडगे, खारट ताक हे सगळं आपल्या ताटात उजवीकडे-डावीकडे मांडलेलं असतं. दिवसाचं सगळं मिळून चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. ताकात मिठाऐवजी जिरं, कोथिंबीर, आल्याचा कीस. दोन लिंबांचा रस दिवसभराच्या पाण्यात पिळून, साखर-मीठ न घालता. लिंबातलं सायट्रेट कण धरू देत नाही. हुलग्याचं माडगं, कट, पानफुटीची पानं, हे घरोघरी चालतं. माडगं गरम, पातळ, पोटाला हलकं, त्यानं पाणी पोटात जातं, म्हणून चांगलं. पण १२ मिलिमीटरचा खडा माडग्यानं विरघळेल म्हणून सहा महिने थांबलं तर तोवर मूत्रपिंड सुजून निकामी होऊ शकतं, आणि तेही न दुखता. औषधानं खरोखर विरघळतो तो यूरिक आम्लाचा खडा. साध्या एक्स-रेत दिसत नाही, लघवीची आम्लता पोटॅशियम सायट्रेटनं कमी ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत विरतो. म्हणून तर खडा तपासायला द्यायचा.

राहता राहिली त्या वाक्यातली गाठ: पाणी आणि फिरणं. ती वेळापत्रकानं सुटते. सकाळी सव्वापाचला उठल्यावर दोन ग्लास, म्हणजे पाव-पाव लिटरचे दोन. तासाभरात ते उतरतं, एकदा, बहुधा दोनदा जाऊन येणं होतं. सव्वासहाला घरातून निघायचं. निघायच्या आधी तासभर नवीन पाणी नाही, चहाही नाही. तीस-चाळीस मिनिटं फिरून घरी, आणि आल्याबरोबर पुन्हा दोन ग्लास. मग न्याहारी ते संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी एक, जेवणाला ताक. सातनंतर थोडंच, रात्री लघवीला उठलं तर अर्धा पेला. बस धरायची असेल तर हेच गणित तासभर आधीपासून मांडायचं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधी तपासून औषध सुरू करायचं. तो सहन करत पाणी तोडणं म्हणजे एक दुखणं जपायला दुसरं पाळणं. वाट अशी निवडायची की मध्ये कुणाचं तरी घर, देऊळ, ओळखीचं दुकान येईल.

आणि चालणं पहिल्या दिवशी चार फेऱ्यांचं नसतं. महिनोन्महिने बसलेल्या माणसाच्या मांड्या वितळलेल्या असतात. पहिला आठवडा पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत. चालता चालता बोलता आलं पाहिजे, अभंग म्हणता येऊ नये, एवढा वेग. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, भिंतीला एक बोट टेकून टाचेपुढं टाच ठेवत दहा पावलं टाकायची. हे तोल सांभाळायला. जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस लागला की डेपोतली गर्दी ओसरते, जुलैच्या झडीत कितीतरी म्हातारी घरात कोंडली जातात आणि श्रावणापर्यंत चेहरे पडतात. तेव्हा पडवी आहेच. वीस फुटांच्या पडवीत पन्नास वेळा या टोकाहून त्या टोकाला गेलं तर हजार फूट होतात, म्हणजे तीनशे मीटर. बायकांना नुसतं फिरायला बाहेर पडणं अजून जड जातं. वडगावातली, अनगोळातली आजी भाजीच्या पिशवीशिवाय उंबरा ओलांडत नाही. तिला व्यायाम सांगू नये, कपिलेश्वराला अकरा प्रदक्षिणा सांगाव्यात, आणि बरोबर शेजारीण द्यावी. एकटं चालण्यापेक्षा कुणाबरोबर चाललेलं जास्त टिकतं. त्या कट्ट्यावर एकटं बसलेल्या माणसालाही मुलगा डेपोपर्यंत आणून सोडत होता. कट्ट्यापासून पुढच्या झाडापर्यंत न्यायला मात्र कुणी नव्हतं.

एका सकाळी तोच जुना जोडीदार त्यांच्याजवळ आला आणि काही न विचारता उभा राहिला. "मामा, त्या झाडापर्यंत जाऊन येऊ. परत येऊ." आजोबांनी आधी बाटलीकडं बघितलं, मग झाडाकडं. उठायला वेळ लागला, हात गुडघ्यावर टेकून. सव्वाशे पावलं असतील जाऊन येऊन. वाटेत दोघं कशाबद्दल तरी बोलत होते, मागाच्या धोट्याबद्दल असावं, कारण आजोबांचा हात तसा हलत होता. परत आल्यावर ते बसले, बाटलीचं टोपण उघडलं, मोठे दोन घोट घेतले, टोपण लावलं, आणि विचारलं, "किती वाजले?"

"पावणेसात."

त्यांनी मनाशी काही हिशोब केला आणि टोपण पुन्हा उघडलं.